चार बोटांची फट

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या वर्षापर्यंत कुठला तरी आजार जडतोच. कुणाला बुलेटचा, कुणाला रोबोटचा, कुणाला एमपीएससीचा. मला फटीचा जडला!

आता फट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. गाडीचं चाक आणि त्याच्यावरची मडगार्डची कमान ह्यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते ना, ती फट. आमच्या स्विफ्टला तिथं माझ्या हाताची चार बोटं आडवी जायची. कंपनीनं ती जागा विचार करून ठेवलेली असते, एवढी अक्कल मला होती. पण मोबाईलवर दिवसभर जमिनीला चिकटलेल्या, सतरा इंची चाकांच्या गाड्या बघितल्या की आपली गाडी पावसात धोतर वर करून चाललेल्या माणसासारखी दिसायला लागते. मला तर लेक्चरला बसल्यावर फळ्यावरही ती फटच दिसायची.

गाडी माझी नव्हती, हे सगळ्यात महत्त्वाचं. २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. बाबांनी ती २०१४ मध्ये पीएफमधून पैसे काढून सेकंडहँड घेतलेली. बाबा एसटीत ड्रायव्हर. आयुष्यभर दुसऱ्याची माणसं सुखरूप पोचवली, आता घरची माणसं घरच्या गाडीतून न्यावीत, एवढीच त्यांची हौस. २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा सगळे म्हणाले, विका. बाबांनी आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, ''आता तू सांभाळ. फक्त आजीला बसता-उठता आलं पाहिजे.''

ह्यातलं 'आता तू सांभाळ' एवढंच मला ऐकू आलं.

माझ्याकडं पस्तीस हजार रुपये होते. डिप्लोमाच्या पोरांना दोन सेमिस्टर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवून जमवलेले, त्यामुळं त्या पैशाचा मालक मी एकटा. दुकानात जाऊन भाव काढला. सतरा इंची नवीन अलॉय आणि टायर मिळून ऐंशी हजारांच्या पुढं! गाडी खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंगांचा सेट सोळा हजार. मी दुकानदाराला 'बघून सांगतो' म्हणालो. हे वाक्य म्हणणारा गिऱ्हाईक परत कधी येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

इथं कथेत प्रवेश होतो आमच्या शेठचा. शेठ म्हणजे वर्गातला माझा पार्टनर. खिशात दहा रुपये नसले तरी बोलणं लाखात, म्हणून शेठ. त्याच्या ओळखीचा एक गॅरेजवाला होता. शेठ म्हणाला, ''येड्या, सोळा हजार कशाला घालवतोस? आहे त्याच स्प्रिंगचं एकेक वेटोळं कापायचं. बाराशे रुपयात गाडी जमिनीला. नाद खुळा!''

वाचकहो, स्प्रिंगचा कडकपणा काढायचं सूत्र आम्हा दोघांनाही पाठ होतं. वर तारेच्या जाडीचा चौथा घात, खाली वेटोळ्याच्या व्यासाचा तिसरा घात आणि चालू वेटोळ्यांची संख्या. ह्याच प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क पडले होते. आणि असा हा नऊ मार्कवाला मी, २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, बाबा ड्युटीवर असताना, ग्राइंडरच्या ठिणग्या उडताना टाळ्या पिटत उभा होतो.

गाडी जॅकवरून खाली आली. मागंपुढं दोनदा ढकलली. मी पळत जाऊन फटीत हात घातला. चारऐवजी दोन बोटं! टेपनं मोजलं, बरोबर पन्नास मिलिमीटर खाली. खरं सांगतो, पोट भरलं. त्या संध्याकाळी रंकाळ्याला तीन चकरा मारल्या, एकदासुद्धा न उतरता. उतरलो असतो तर गाडी बघणार कोण?

बाबांनी घरी आल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली. काही बोलले नाहीत. आजी मात्र ओट्यावरून म्हणाली, ''आरं, हिला काय झालंय? म्हस बसल्यावानी बसलीया की!''

मी हसलो. अकरा दिवस हसत होतो.

बाराव्या दिवशी रविवार होता. आमच्याकडं रविवारी जोतिबाला जायची पद्धत. मी गाडी चालवायला, शेजारी बाबा, मागं आई, आजी आणि धाकटी बहीण. पहिली गडबड दारातच झाली. आजीचे गुडघे गेलेले. एरवी ती पाठ लावून सीटवर टेकायची, मग पाय आत घ्यायची. ह्या वेळी टेकायला गेली आणि सीट सापडलीच नाही, ती तिच्या अंदाजापेक्षा खाली होती. शेवटचे दोन इंच ती आदळलीच. ''आई गं'' एवढंच म्हणाली. मी आरशात बघितलं नाही.

शिवाजी पूल ओलांडेपर्यंत ठीक चाललं. मग स्पीडब्रेकर सुरू झाले.

इथं थोडं गणित सांगतो, कारण मला ते नंतर कळलं आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीच्या मापानं ह्या स्विफ्टचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर वर असतं. पन्नास आम्ही कापले, राहिले १२०. पाच माणसं बसल्यावर गाडी आणखी पस्तीस-चाळीस मिलिमीटर दबते. राहिले ऐंशीच्या घरात. आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आय.आर.सी. ९९ ह्या मार्गदर्शिकेत गोलसर उंचवट्याचं माप दिलेलं आहे. उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी तब्बल ३.७ मीटर. आमच्या स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर आहे २.३९ मीटर. म्हणजे तसा उंचवटा असेल तर गाडी मध्यावर आल्यावर चारही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि हिशोब केला तर गाडीच्या पोटाखालची जागा फक्त ४२ मिलिमीटरनं कमी होते. पण रस्त्यावर जो ब्रेकर असतो तो कुणीतरी रात्रीत डांबराचा ढीग टाकून केलेला, हातभर रुंद. पुढची चाकं ओलांडून गेली, मागची अजून अलीकडं, आणि मधोमध तो दहा सेंटिमीटरचा उंचवटा थेट पोटाखाली. ऐंशी मिलिमीटरमध्ये शंभर मावत नाहीत. हे गणित चौथीतलं आहे!

पहिल्या ब्रेकरला 'खर्रर्र' झालं. दुसऱ्याला बाबा म्हणाले, ''थांब.'' सगळे उतरले. मी रिकामी गाडी तिरकी घालून पलीकडं नेली. सगळे परत बसले. तिसऱ्याला पुन्हा तेच. केर्ली मागं पडेपर्यंत आम्ही पाच वेळा उतरलो आणि पाच वेळा बसलो. आजी प्रत्येक वेळी आईच्या खांद्याला धरून उठायची, काठी टेकत ब्रेकर ओलांडायची आणि पलीकडं जाऊन उभी राहायची. गुलालानं माखलेल्या पोरांचा एक टेम्पो शेजारून गेला. त्यातला एक ओरडला, ''ओ भावा, गाडी ढकलाय पाहिजे काय?'' बहीण लाजून दुसरीकडं बघत होती. मी ज्या गाडीतून उतरायला तयार नव्हतो, त्या गाडीतून आजी पाच वेळा उतरली होती.

पण खरी भीती पुढं घाटात वाटली. वळणावर गाडी झुकली की मागून 'घस्स' असा आवाज यायचा आणि जळक्या रबराचा वास. एका वळणावर खड्डा चुकवता आला नाही. असा दणका बसला की बहिणीची जीभ चावली गेली. वर पोचून बघितलं तर मागच्या डाव्या टायरचा वरचा काठ कमानीच्या आतल्या पत्र्याला घासून सोलला होता आणि बाजूला बटाट्याएवढा फुगवटा आला होता. बाजूला फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेले. तो टायर घाटात, वळणावर, पाच माणसं घेऊन फुटला असता तर... ते 'तर' मी अजूनही पूर्ण करत नाही.

बाबांनी स्टेपनी लावली. हात पुसले. किल्लीसाठी हात पुढं केला. मी दिली. आजीला आणि आईला एसटीत बसवून दिलं. बसची पायरी चढताना आजी म्हणाली, ''मला यष्टीच बरी बाबा.'' तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

उतारावर बाबांनी दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगानं गाडी खाली आणली. घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, ''गाडी किती खाली घ्यायची ते नंतर ठरव. आधी ठरव, तीत कोण बसणार आहे.'' आणि वर, ''बाराशे कुणी घेतले?'' मी शेठचं नाव सांगितलं नाही. मित्रासाठी मी एवढं केलं.

दुसऱ्या दिवशी मशीन डिझाइनच्या सरांकडं गेलो. सर म्हणाले, गाडी आण. पार्किंगमध्येच जॅक लावला. चाक हवेत गेलं आणि सरांनी मागची स्प्रिंग दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. मोकळी! मूळ स्प्रिंग इतकी लांब असते की चाक पूर्ण लोंबकळलं तरी ती थोडी दाबलेलीच राहते, म्हणून बैठकीतून हलत नाही. आमची आखूड झालेली स्प्रिंग चाक खड्ड्यात लटकलं की सुटत होती आणि परत येताना कशीही बसत होती.

मग सरांनी मला माझेच नऊ मार्क समजावून सांगितले. पुढच्या स्प्रिंगची सहा चालू वेटोळी धरू. त्यातलं एक कापलं, राहिली पाच. सूत्रात वेटोळ्यांची संख्या खाली आहे, म्हणजे कडकपणा सहाला पाचनं भागून वाढणार. वीस टक्के. ठीक. पण चाकाला वर सरकायला, रबराच्या बंप स्टॉपला टेकेपर्यंत, आधी सत्तर मिलिमीटर जागा होती. आता वीस. तोच खड्डा, तेच वजन, तोच धक्का आता वीस मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग कित्येक पट कडक हवी. आमची झाली होती वीस टक्के. उरलेला धक्का बंप स्टॉपला, तिथून बॉडीला, आणि तिथून आजीच्या मणक्याला. सर म्हणाले, ''तू स्प्रिंग नाही कापलीस. तू चाकाचा प्रवास कापलास.'' तयार मिळणाऱ्या स्प्रिंगा महाग का असतात, तेही तेव्हाच कळलं. त्या आखूड असतात तशा त्या प्रमाणात जास्त कडकही केलेल्या असतात, शेवटची वेटोळी बैठकीत बसतील अशी वळवलेली असतात, आणि तरीही बऱ्याचशा तीस-पस्तीस मिलिमीटरवर थांबतात. पैसे त्या न कापलेल्या वीस मिलिमीटरचे असतात!

जाता जाता सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या तपशिलाशी आणि कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ह्याच कलमावर बोट ठेवलं. बाबांनी २०२३ मध्ये रांगेत उभं राहून जी नोंदणी वाढवून घेतली होती, तिला मी ग्राइंडर लावला होता.

असो. त्याच आठवड्यात जुन्या पार्ट्सच्या बाजारातून मूळ स्प्रिंगांचा सेट आणला. डावी-उजवी शेजारी उभी करून मोकळी उंची मोजली, गंज आणि तडे बघितले, मगच घेतल्या. चोवीसशे रुपये. पुढचे शॉकअप उघडले तर दोन्हींतून तेल गळत होतं, म्हणजे गाडीला मुळात औषध पाहिजे होतं आणि मी तिला मेकअप करत होतो. पुढची नवीन जोडी शेहेचाळीसशे. मजुरी आणि व्हील अलाइनमेंट सोळाशे. फट परत चार बोटं. नाही, खरं तर साडेचार! कारण बाजारातल्या स्प्रिंगा आमच्या सोळा वर्षं दबलेल्या स्प्रिंगांपेक्षा बऱ्या होत्या. गाडी खाली आणायला निघालेला मी ती वर घेऊन आलो.

आता राहिली चाकं. ह्या वेळी मी वही घेऊन बसलो. नवशिक्यांसाठी सांगतो, कारण हे आधी सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

पहिलं, पीसीडी. चाकाच्या नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार नट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर म्हणजेच पीसीडी. आमच्या स्विफ्टचा १००. 'थोडा फरक आहे, बसवून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून चप्पल न घालता पळावं.

दुसरं, मधलं भोक. स्विफ्टच्या हबला ते ५४.१ मिलिमीटरचं लागतं. बाजारातली अलॉय बरीच मोठ्या भोकाची करतात, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना खपतं. मधली जागा भरायला कडं घालावं लागतं. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर ते ॲल्युमिनियममध्ये करून मिळतं, पण माप व्हर्नियरनं घेऊन द्या, बोटानं दाखवून नाही.

तिसरं, नट. स्विफ्टच्या नटाचा आटा १२ बाय १.२५. दुसऱ्या कित्येक गाड्यांचा १२ बाय १.५. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथं जोर लावणारा हुशार समजला जातो, पण आटा मरतो.

चौथं, ऑफसेट, आणि ह्यातच सगळे फसतात. चाक हबला जिथं टेकतं ती पातळी चाकाच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते माप. माझी मूळ रिम पाच इंच रुंद, ऑफसेट ४५. माझ्या नजरेत भरलेली सतरा इंची रिम सात इंच रुंद, ऑफसेट ४०. वहीत मांडलं, तर ती बाहेर तीस मिलिमीटर जास्त येणार आणि आत शॉकअपकडं वीस मिलिमीटर जास्त सरकणार. म्हणजे बाहेर कमानीला घासणार आणि आत काही उरणार नाही.

आणि पाचवं म्हणजे टायर. माझ्या टायरवर लिहिलेलं होतं १६५/८० आर १४. रुंदी १६५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ ही रबराची उंची, आणि चौदा इंची रिम. दोन्ही बाजूंची रबराची उंची धरून चाकाचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर. सतरा इंचीला २०५/४५ लावला तर ६१६.३. पंधरा इंचीला १८५/६५ लावला तर ६२१.५. बघा! चाक चौदाचं घ्या नाहीतर सतराचं, बाहेरचा व्यास तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. म्हणजे मोठ्या चाकानं फट कमी होतच नाही! फक्त रबराच्या जागी धातू येतो. १३२ मिलिमीटर रबराचे ९२ होतात. आपल्याकडच्या रस्त्यावर ते चाळीस मिलिमीटर काय किमतीचे आहेत, हे जोतिबाच्या घाटात जाऊन आलेल्या माणसानं कुणाला विचारायची गरज नाही.

एवढं सगळं लिहूनही मन वेडं असतं. सतरा इंचीचा एक वापरलेला सेट टायरसकट चौदा हजारात मिळत होता. मी गेलोच. चारपैकी एका रिमला आतून ताजा रंग होता, बाकी तीन जुनाट. माझे मामा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला. ते नेहमी म्हणतात, कास्टिंगला नवा रंग दिसला की आधी विचारायचं, काय झाकलंय? मी त्या माणसाला म्हणालो, पाचशे ठेवतो, एक दिवस ही रिम न्यायची आहे. तो म्हणाला, ''खुशाल न्या, आत कोण बघतंय?''

मेटलर्जी लॅबमधले मामा बघत होते ना! आतला रंग तळहाताएवढ्या जागेत काढला. पृष्ठभाग साफ करून लाल पेनिट्रंट मारलं. पंधरा मिनिटं चहा. मग वरचं लाल पुसून काढलं आणि पांढरा डेव्हलपर फवारला. सेकंड इयरला हे प्रॅक्टिकल आम्ही मागच्या बॅचच्या फाईलवरून उतरवून काढलेलं. 'निष्कर्ष: तडा आढळला नाही', असं न बघताच लिहिलेलं. ह्या वेळी पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटायला लागली. आऱ्याच्या मुळापासून आतल्या कडेकडं, चांगली दीड इंच. मी आणि शेठ दोघेही गप्प. मामा म्हणाले, ''वायवा संपला. घेऊन जावा ही.''

रिम परत केली. तडा दाखवला. त्यानं पाचशे परत दिले, वर म्हणाला, ''वेल्डिंग मारून देऊ काय?'' मी हात जोडले.

शेवटी जे घेतलं ते घ्यायला कुणी टाळ्या वाजवणार नाही. २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीतल्या स्विफ्टच्या झेडएक्सआयला पंधरा इंची अलॉय कंपनीतूनच यायची, १८५/६५ च्या टायरवर. एकाच घरातली चाकं. पीसीडी तोच, मधलं भोक तेच, आटा तोच. कडं नाही, स्पेसर नाही, कमान ठोकणं नाही. बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचाहून कमी फरक. वापरलेला सेट दहा हजारात मिळाला. मामांच्या हाताखालून चारही रिमा गेल्या, मगच घेतल्या. त्यावर चार नवीन टायर, सतरा हजार सहाशे.

टायरपाशी मी दोन दिवस अडलो होतो. कारण तेवढ्याच पैशात ते सोळा हजारांचे तयार स्प्रिंगांचे सेट येत होते, आणि जुने टायर 'अजून चालले असते'. मग आणखी एक हिशोब केला. गाडी हजार किलोची, एका चाकावर अडीचशे. टायरमधली हवा तीस पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार केला, एकशेवीस चौरस सेंटिमीटर. तळहाताएवढा तुकडा! पाच माणसं, ब्रेक, वळण, पाऊस, सगळं काही रबराच्या चार तळहातांवर. स्प्रिंगांचा विषय मी वहीत मिटवला.

एकूण हिशोब असा. स्प्रिंग कापायचे १,२०० (शिकवणी फी), जुन्या स्प्रिंगा २,४००, शॉकअप ४,६००, मजुरी १,६००, रिमा १०,०००, टायर १७,६००. बेरीज ३७,४००. जुनी चाकं आणि त्यावरचे तीन बरे टायर विकून ४,००० आले. फुगवट्याचा टायर विकला नाही, तो उभा कापून दोन तुकडे केले. निव्वळ खर्च ३३,४००. पस्तीस हजारातले सोळाशे उरले.

पुन्हा कुणी विचारलं, कमी पैशात काय करू, तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी टायर, मग शॉकअप आणि बुश, मग रिमा. आणि गाडी खाली घ्यायचीच असेल तर सगळ्यात शेवटी, तयार स्प्रिंगांनी आणि कलम ५२ वाचून. तोपर्यंत पैसे संपले तर समजायचं, ती आपल्या नशिबात नव्हती. आणि हे सगळं घरातल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याला विचारून.

गेल्या महिन्यात पुन्हा जोतिबाला गेलो. ब्रेकर मोजायचे असं ठरवलं होतं, पण सहाव्यानंतर विसरलो. आजी दारात पाठ लावून टेकली, पाय आत घेतले, पदर सावरला. सगळं तिचं तिनं. मी बघत होतो हे तिला कळलं असावं. बाबांनी गाडी धुवायला काढली होती तेव्हा नव्या चाकांवरून हात फिरवला होता, तेवढीच त्यांची पावती. वर पोचल्यावर मात्र मला राहवलं नाही.

म्हटलं, ''आजी, गाडीत काय बदललंय सांग बघू?''

तिनं काठी टेकवून गाडीकडं पुढून बघितलं, मागून बघितलं. मी चाकाशेजारीच उभा होतो, तिला सोपं जावं म्हणून.

''व्हय की,'' आजी म्हणाली, ''धुतलीस व्हय रं?''

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी